कुटुंब, कुत्रा आणि बालकथा : ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या संदर्भात

प्रस्तावना :

कुटुंब आणि त्याचा कुत्रा हा इंग्रजी बालकथेचा रुळलेला विषय आहे. मराठीत मात्र ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे किंवा दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे या लोकप्रिय बालनायकांची ओळख पाळीव कुत्र्याशी जोडलेली नाही. घर आणि प्राणी यांच्यातील ताण मांडणारी, मराठी वाचकाने आपलीशी केलेली 'पाडस' ही कादंबरी म्हणजे मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या कृतीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. आणि तिच्यातही जीव गुंततो तो हरणाच्या पाडसात, कुत्री शिकारीच्या कामाची आहेत. या उणिवेचे खापर लेखकांच्या अनास्थेवर फोडणे सोपे आहे. प्रत्यक्षात तिचे कारण मराठी घराच्या उंबरठ्यापाशी शोधावे लागते.

विवेचन :

मराठी परंपरेला कुत्रा परका नाही. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणारे नामदेव, दत्ताच्या पायाशी असलेली चार कुत्री, धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा या साऱ्यांत जिव्हाळा आहे, मालकी नाही. वाड्यात आणि चाळीत कुत्रा अंगणात किंवा जिन्याखाली वाढला. त्याला शिळी भाकरी घालणारी घरे अनेक, धनी मात्र कोणीच नाही. दिवाणखान्यातला कुत्रा साहित्यात आला तो बव्हंशी थट्टेचा विषय होऊन. पु. ल. देशपांडे यांचा 'हसवणूक'मधील 'पाळीव प्राणी' हा लेख याचे ठळक उदाहरण होय; अर्थात तो मुलांसाठी लिहिलेला नाही.

याउलट बेव्हर्ली क्लिअरी यांच्या 'हेन्री हगिन्स' (१९५०) मध्ये रस्त्यावर सापडलेला हडकुळा कुत्रा घरी आणण्यासाठी हेन्री आईला फोन करून परवानगी घेतो. कुत्र्याला बसमधून न्यायचे तर खोक्यात घालूनच, हा नियम त्याला आडवा येतो. अखेर रिब्सी हगिन्स कुटुंबाचा होतो. फ्रेड गिप्सन यांच्या 'ओल्ड येलर' (१९५६) मध्ये पिसाळलेल्या लांडग्यापासून कुटुंबाला वाचविणाऱ्या कुत्र्यालाच घरच्या मुलाला गोळी घालावी लागते. कथेचा काळ अमेरिकन यादवीनंतरचा, म्हणजे पाश्चरच्या १८८५ मधील लशीच्या आधीचा आहे. त्यामुळे त्या शोकांतिकेला आधार आहे. आजच्या डोंबिवलीतील कथेत ती जशीच्या तशी उचलणे हा लेखकाचा आळस ठरेल. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि विनाविलंब लस घेणे, हे वळण येथे कथेत यायला हवे. कारण भारतात रेबीजला बळी पडणाऱ्यांत मुलांचे प्रमाण मोठे आहे.

ठाण्यात १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवलीत १९८३ मध्ये महानगरपालिका आली. बैठी घरे आणि चाळी जाऊन इमारती उभ्या राहिल्या, अंगणाच्या जागी वाहनतळ आला. कुत्रा तेथेच राहिला. २००१ च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी भटक्या कुत्र्याला नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्याची तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानके यांसारख्या ठिकाणांपुरता याला अपवाद केला : तेथून उचललेला कुत्रा त्याच जागी परत सोडायचा नाही. म्हणजे फलाटावरचा कुत्रा आणि इमारतीखालचा कुत्रा यांना वेगवेगळा न्याय लागू झाला. बालकथेला एवढा नाट्यमय प्रसंग क्वचितच आयता मिळतो.

या परिसरातील कुत्र्याच्या कथेत 'कुटुंब' म्हणजे एक सदनिका नव्हे, तर संपूर्ण इमारत होय. गाडी येऊन कुत्र्याला नेते. काही दिवसांनी तो कानाला खाच पाडून घेऊन परततो. ती खाच कशाची, हे मुले रखवालदाराला विचारतात. तिसऱ्या मजल्यावरील आजींना त्याची भीती वाटते आणि ती भीती खोटी नसते. हेन्रीला एका आईची परवानगी पुरली; येथील मुलाला सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपुढे उभे राहावे लागते, आणि पुढच्या वर्षीच्या लशीचा खर्च कोण देणार हा पहिला प्रश्न तेथे विचारला जातो.