गाठीत उतरला, म्हणून हातचा गेला?

लिव्हरच्या कर्करोगाचा रुग्ण अकलूजहून किंवा पुण्याहून सीटी स्कॅन करून नातेपुत्याला परततो आणि 'यकृताच्या मुखाशी लसिकाग्रंथी वाढलेल्या' या एका ओळीवर घरातली चर्चा अडते. आजार गाठीत उतरला, आता महागड्या इम्युनोथेरपीत पैसे घालायचे कशाला, असा हिशोब होतो. तो कच्चा आहे. सिरॉसिस किंवा हिपॅटायटिस सी असलेल्यांच्या यकृताजवळच्या ग्रंथी कर्करोगाशिवायही सुजतात. नुसत्या आकारावरून निकाल लावता येत नाही.

समजा, ग्रंथीत कर्करोग खरोखरच आहे. मग यकृताच्या कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या बार्सिलोना वर्गवारीत आजार 'सी' टप्प्यात जातो, आणि अशांचं आयुष्य सरासरीने कमी भरतं, हे मान्य. पण आजाराचं भाकीत वेगळं, औषधाचा गुण वेगळा. गाठवाले रुग्ण औषध घेऊनही बिनगाठवाल्यांपेक्षा कमी जगले, म्हणून औषध वाया गेलं असं होत नाही. तुलना ते औषध न मिळालेल्या गाठवाल्यांशीच हवी. 2020 साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या 'आयएमब्रेव्ह150' चाचणीतल्या 501 रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांचा कर्करोग यकृताबाहेर गेलेला होता. अ‍ॅटेझोलिझुमॅब-बेव्हॅसिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या जोडीवर पुढच्या पाठपुराव्यात मध्यक आयुष्य 19.2 महिने भरलं, सोराफेनिबच्या गोळ्यांवर 13.4, आणि यकृताबाहेर पसरलेल्यांतही जोडीच सरस ठरली. या गटात फुप्फुसात वा हाडात पसरलेलेही होते, हे मात्र ध्यानात ठेवावं.

यावर जीवशास्त्राचा आक्षेप येतो. इम्युनोथेरपी प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींवर विसंबते, आणि लसिकाग्रंथी ही त्यांची तालीम. शत्रूची ओळख त्यांना तिथेच पटते. तालमीतच शत्रू शिरला तर? त्वचेच्या कर्करोगावरच्या 2022 च्या संशोधनात, ग्रंथीत घुसलेल्या पेशी प्रतिकारशक्तीला कर्करोग खपवून घ्यायला लावतात, असं उंदरांत दिसलं. आक्षेपात तथ्य आहे, पण शरीरात अशा ग्रंथी शेकडो असतात, एक बाधली म्हणून सगळ्या निकामी होत नाहीत.

खरी मेख दुसरीच आहे. 'आयएमब्रेव्ह150' चाचणीत यकृत बऱ्यापैकी चालणारे, म्हणजे चाइल्ड-प्यू 'ए' वर्गाचेच रुग्ण घेतले होते. कावीळ चढलेली, पोटात पाणी साठलेलं, अशा रुग्णाला ते आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, मग गाठ असो वा नसो. माझ्या मते गाठीच्या ओळीपेक्षा हा वर्ग आधी पाहायला हवा. तेव्हा फाइल बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात किंवा मुंबईला टाटात दाखवाल तेव्हा चाइल्ड-प्यू वर्ग कोणता ते विचारा, आणि बेव्हॅसिझुमॅबने रक्तस्रावाचा धोका वाढतो म्हणून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा एंडोस्कोपीने पाहिल्या का, हेही विचारा.