मोबाईलवरचा मजकूर आणि सरकारी नियम

सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला चाकणच्या तळेगाव चौकात उभे राहा. कंपनीच्या बसची वाट पाहत शेकडो माणसे ताटकळलेली असतात. कोणी बीडचा, कोणी लातूरचा, कोणी थेट बिहारातून आलेला. डबा काखोटीला आणि फोन हातात. एकजण गावच्या भावकीतला निरोप वाचतो, दुसरा रात्री अर्धवट राहिलेली मालिका पुरी करतो, तिसरा कोणाचे तरी तावातावाचे भाषण ऐकतो. पिंपरीच्या कारखान्यात हे आहे, तसे तुमच्या गावच्या पारावरही आहे. मग सहज प्रश्न पडतो : या फोनवर काय यावे आणि काय येऊ नये, हे ठरवतो कोण? सरकारने ते ठरवावे का? आणि ठरवायचेच, तर कुठपर्यंत?

आधी जुनी रीत पाहू. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. प्रेक्षकांना त्यातला कीचक कोण हे कळायला वेळ लागला नाही, तसा तो सरकारलाही कळला, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. स्वराज्य आल्यावर चित्रपटांसाठी १९५२ चा कायदा झाला. चित्रपट आधी मंडळाला दाखवायचा, प्रमाणपत्र घ्यायचे आणि मगच तो थिएटरात लावायचा. १९७० साली सर्वोच्च न्यायालयानेही ही पद्धत घटनेला धरून आहे, असा निर्णय दिला. थोडक्यात जुनी रीत अशी, की ‘आधी दाखवा, मग करा.’

फोनच्या बाबतीत ही रीत चालणार कशी? इथे जो तो लेखक, जो तो नट आणि जो तो छापखान्याचा मालक! कोट्यवधी माणसे घटकेघटकेला जे लिहितात, ते आधी तपासणारे मंडळ कुठून आणायचे? म्हणून कायद्याने दुसरी वाट धरली. ती समजायला आपल्या चावडीवरचा फळा डोळ्यांसमोर आणा. रात्री कोणी त्यावर वेडेवाकडे लिहून गेला, तर आपण लगेच ग्रामपंचायतीला दोषी धरत नाही. परंतु रीतसर कळवल्यावरही पंचायतीने तो मजकूर पुसला नाही, तर मात्र तिला जाब विचारावा लागतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ७९ व्या कलमाचे सार एवढेच आहे. फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब यांसारख्या कंपन्या म्हणजे हा फळा. रीतसर कळवणे म्हणजे काय, तेही सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले : न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिकृत सूचना. कोणीही उठून ‘हे काढा’ म्हणाला, एवढ्याने कंपनीवर तशी जबाबदारी येत नाही.

याच कायद्याखाली २५ फेब्रुवारी २०२१ रोजी नवे नियम आले. ज्या कंपनीचे भारतात ५० लाखांहून अधिक नोंदलेले वापरणारे आहेत, तिने इथे राहणारा तक्रार अधिकारी नेमलाच पाहिजे. आदेश आल्यावर मजकूर काढायला त्या वेळी ३६ तासांची मुदत होती. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ती तीन तासांवर आणली, आणि यंत्राने बनवलेल्या खोट्या पण हुबेहूब दिसणाऱ्या चित्रांवर व आवाजांवर तसा शिक्का असणे बंधनकारक केले.

घरबसल्या पाहायच्या मालिका आणि चित्रपटांसाठीही याच नियमांत वेगळा भाग आहे. इथे चित्रपटासारखे आधी प्रमाणपत्र लागत नाही. दाखवणाऱ्यानेच वयाप्रमाणे पाच वर्ग पाडायचे : सर्वांसाठी, सात वर्षांवरील, तेरांवरील, सोळांवरील आणि फक्त प्रौढांसाठी. तेरांवरील वर्गापासून पुढे पालकांना कुलूप लावता येईल, अशी सोय ठेवायची. सरकार मागाहून थेट बंदीही घालू शकते. मार्च २०२४ मध्ये अश्लीलतेच्या कारणावरून अशा १८ सेवा बंद करण्यात आल्या. पण आईबापांनो, ते कुलूप लावायचे काम सरकार करणार नाही बरं का! ते आपल्याच हाताने लावायचे आहे.

आता कोणी म्हणेल, एवढे नियम हवेत कशाला? त्याचे उत्तर धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आहे. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा फोनाफोनी पसरलेली. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून मारले. पाचही जण मेले. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते.

माझेच सांगतो. त्याच वर्षी मला एका परिचिताने एक चित्रफीत पाठवली. मोटारसायकलवरून आलेले दोघे गल्लीत खेळणारे मूल उचलून नेतात. मी एम. ए. झालेला, वर्गात पुराव्याचे महत्त्व शिकवणारा माणूस. पण घरी लहान मुलगी. पोटात गोळा आला आणि ती चित्रफीत मी तीन ठिकाणी पुढे धाडली. पुढे कळले, की ती कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी काढलेली जाहिरात होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक दाखवतात. तेवढाच भाग कोणी तरी कापून टाकला होता! राईनपाड्याची बातमी वाचली, तेव्हा मला माझे ते तीन निरोप आठवले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

म्हणजे नियम हवेत, यात वाद नाही. पण नियमाची दुसरी बाजूही आपल्याच तालुक्याने पाहिली आहे. ३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला हिंसाचार झाला, बसगाड्या जळाल्या. पुढे ९ ऑगस्टच्या महाराष्ट्र बंदच्या दिवशी खबरदारी म्हणून खेड, मावळ, जुन्नर, शिरूर, बारामती, दौंड आणि भोर या सात तालुक्यांत इंटरनेट बंद ठेवण्यात आले. हेतू अफवा थांबवण्याचा. पण नळाचे पाणी गढूळ आले म्हणून सगळ्या गावाची तोटी बंद केली, तर स्वच्छ पाणीही थांबते. अफवा थांबते, तसा ‘ही अफवा आहे, विश्वास ठेवू नका’ हा पोलिसांचा निरोपही थांबतो. आज तर कांद्याचा भाव, मजुराने घरी पाठवायचे पैसे, मुलांच्या परीक्षेचा अर्ज, सारेच या एका तारेवर लोंबकळते आहे.

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितले, की इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि तसा आदेश लोकांसाठी प्रसिद्ध केला पाहिजे. पुढे नियमांतच एका आदेशाला पंधरा दिवसांची मर्यादा आली.

शब्द सैल असले, की कायदा कसा निसटतो, त्याचेही उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला, बंदविषयी फेसबुकवर दोन ओळी लिहिल्याबद्दल एका तरुणीला आणि ती ओळ आवडल्याची खूण केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्या वेळी ‘६६ अ’ हे कलम होते. ‘त्रास होईल’, ‘अपमानकारक वाटेल’ अशा मजकुराला त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. पण त्रास कोणाला, किती, हे कोण मोजणार? २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केले. २०२३ साली केंद्र सरकारने स्वतःच्या कारभाराविषयीच्या बातम्या खऱ्या की खोट्या, हे ठरवण्यासाठी स्वतःचाच विभाग नेमायची तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली, प्रकरण तिसऱ्यांकडे गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरली. वादी आणि न्यायाधीश एकच असू नये, हे आपल्या गावच्या पंचांनाही पटेल.

तेव्हा माझे सांगणे असे. ज्याने जिवाला, अब्रूला, लेकराला धोका पोहोचतो, तो मजकूर थांबवण्याचा अधिकार सरकारला असावा. जो नुसता नावडतो, तो थांबवण्याचा नसावा. आणि कोणतीही बंदी आली, की नागरिकाने तीन प्रश्न विचारावेत : हुकूम कोणाचा? कोणत्या कायद्याखाली? किती दिवसांसाठी? ज्या हुकुमाला ही तिन्ही उत्तरे आहेत आणि ज्याच्यावर न्यायालयात दाद मागता येते, तो नियम. बाकीची नुसती मर्जी.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, असेच तीन प्रश्न मुलांना फोनवरच्या मजकुरालाही विचारायला शिकवा : हे कोणी पाठवले? केव्हाचे आहे? कुठले आहे? उत्तर मिळेना, तर पुढे पाठवू नका. आठवड्यातून एक तास फळ्यावर एखादा असा निरोप लिहा आणि वर्गाकडूनच त्याची उलटतपासणी करून घ्या. फसवणूक झाली, तर लाज न बाळगता १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा. पैशाच्या फसवणुकीत जितका उशीर, तितका पैसा दूर जातो. चाकणकरांना तर आता पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलिस आयुक्तालय आहे, १५ ऑगस्ट २०१८ पासून.

कायदा कंपनीला दंड करील, मालिकेला वर्ग लावील, मजकूर तीन तासांत काढायला लावील. पण मूल पळवल्याची ती चित्रफीत माझ्या फोनवर आली, तेव्हा माझ्या खोलीत ना पोलिस होता ना न्यायाधीश. मी होतो आणि माझा अंगठा होता. पुढच्या वेळी तो थोडा थांबेल, एवढे मी स्वतःपुरते ठरवले आहे. तुम्हीही ठरवा.