ई-बुक रीडर घ्यायचाय? आधी दुकान बघा!

स्कॉलरशिप जमा झाली की होस्टेलमध्ये एक प्रश्न हमखास निघतो, "ई-बुक रीडर कोणता घेऊ?" मग स्क्रीन किती इंची, बॅटरी किती दिवस, ही चर्चा मेसच्या रांगेपर्यंत चालते. पुस्तकं कुठल्या दुकानातून घेणार, हे मात्र कुणी विचारत नाही. खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे!

आधी यंत्राबद्दल थोडं. ई-इंकच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विद्युतभारित काळे-पांढरे कण. विद्युतदाब दिला की हवे ते कण वर येतात आणि तिथेच बसून राहतात. म्हणून वीज मुख्यतः पान उलटताना लागते आणि परभणीच्या भर उन्हातही अक्षर स्वच्छ दिसतं. बहुतेक रीडरमध्ये हेच तंत्र आहे, तेव्हा तिथे फार डोकं लावू नका.

आता दुकान. किंडल भारतात २०१२ साली आलं, मराठी पुस्तकं त्यावर डिसेंबर २०१६ पासून अधिकृतपणे मिळू लागली. तिथलं पुस्तक साधारणपणे किंडलवर नाहीतर किंडलच्याच ॲपवर उघडतं. मराठीसाठी पुण्याचं बुकगंगा आहे, पण त्याचं ॲप वेगळं आणि ते किंडलवर चालत नाही. दोन्हीकडची पुस्तकं एकाच ई-इंक पडद्यावर हवी असतील तर अँड्रॉइडवर चालणारा रीडर बघावा लागतो, आणि तो महाग पडतो.

शिवाय दुकान बंद पडलं तर? फ्लिपकार्टने २०१२ साली ई-बुक विकायला सुरुवात केली, २०१५ च्या अखेरीस गाशा गुंडाळला आणि ग्राहकांना कोबोकडे पाठवलं. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१९ मध्ये दुकान बंद केलं, तेव्हा पैसे परत मिळाले, पण पुस्तकं गेली. सगळ्यात गंमत (की शोकांतिका?) जुलै २००९ ची. ॲमेझॉनने विक्रेत्याकडे हक्क नव्हते म्हणून जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४' लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकलं. अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने त्यावर काढलेल्या नोट्स मूळ पुस्तकाविना निरुपयोगी झाल्या. म्हणजे आपण पैसे मोजतो ते पुस्तकाचे नव्हे, वाचायच्या परवानगीचे! सिनिअर जाताना ज्युनिअरला पुस्तकं देऊन जातो ना, ते इथे जमत नाही.

अभ्यासाच्या पुस्तकांसाठी सहा इंची रीडर घेत असाल तर थांबा. आकृत्या आणि समीकरणांची पीडीएफ त्यावर वाचणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. जुन्या मराठी पुस्तकांचंही तेच. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली किंवा स्कॅन केलेली पानं अक्षर मोठं केलं तरी नव्याने जुळत नाहीत, नुसती पडद्याबाहेर पळतात.

एक गोष्ट मात्र चांगली आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. आपल्या परभणीचे बी. रघुनाथ १९५३ साली वारले, म्हणजे त्यांनी हयातीत छापलेलं साहित्य २०१४ पासून मोकळं आहे. कुणीही युनिकोडमध्ये टाइप करून ईपब बनवावं, त्याला ना कुलूप, ना दुकान. कॉम्प्युटरवाल्यांनो, मिनी प्रोजेक्टला विषय शोधताय ना?

मी काय घेतलं म्हणाल, तर काहीच नाही. बुकगंगा फोनवर आहे. किंडल रूम पार्टनरचं. पुस्तक उसनं देता येत नाही म्हणून तो बिचारा अख्खं यंत्रच देतो. शनिवारी रात्री घ्यायचं, सोमवारी पहिल्या लेक्चरच्या आत परत, चार्ज करून.