कुस्ती पाहताना

धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतील पुष्कळ गावी यात्रेबरोबर कुस्त्यांची दंगल भरते. ढोल वाजू लागतो, मल्ल शड्डू ठोकतात आणि आखाड्याभोवती बसलेली मुले श्वास रोखून पाहू लागतात. घरी परतताना प्रत्येकाच्या अंगी जणू दहा हत्तींचे बळ आलेले असते. दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात जोर-बैठका सुरू होतात, तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि चौथ्या दिवशी ऊन अंगणात उतरले तरी पांघरूण निघत नाही! शिक्षकाच्या आयुष्यात हा प्रकार मी कितीतरी वेळा पाहिला आहे.

मग तो उत्साह खोटा होता काय? मुळीच नाही. परंतु मुलांनी पाहिला तो केवळ विजयाचा क्षण. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागते, टोप्या उडतात, फेटा बांधला जातो; हे सारे काही क्षणांत आटोपते. त्यामागील हजारो पहाटा आखाड्याभोवती बसून दिसत नाहीत. विजयाची हाव मनात धरून निघालेला उत्साह पहिल्या वेदनेपाशीच थांबतो.

पाहण्याची दुसरीही एक रीत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. आपले स्फूर्तिस्थान म्हणून त्यांनी महेंद्रसिंग धोनी यांचे नाव घेतले. एक क्रिकेटपटू, दुसरा नेमबाज! दोघांनीही रेल्वेत तिकीट तपासनिसाचे काम केलेले, एवढे साम्य खरे. पण कुसाळे यांना मोलाचे वाटले ते धोनींचे मैदानावरील शांत चित्त. त्यांच्या खेळात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून पन्नास मीटर दूरच्या लक्ष्याचा वेध घ्यावा लागतो. श्वास चुकला तरी बंदुकीची नळी हलते. अशा खेळाला धोनींची फलंदाजी काय कामाची? त्यांची शांती मात्र कामाची होती. पाहिलेल्या साऱ्या वैभवातून त्यांनी आपल्या उपयोगाची एकच गोष्ट वेचली आणि तिचा अभ्यास केला.

म्हणून, मुलांनो, पुढच्या दंगलीत जरा निराळे पाहा. डाव पडण्यापूर्वी मल्लाचे पाय कोठे आहेत? प्रतिस्पर्धी वरचढ होत असता तो दम कसा राखतो? पकड सुटल्यावर तो चिडतो की पुन्हा सावध होतो? ज्याला कुस्ती खेळावयाची नाही, त्यालाही हे पाहता येईल. गणित अडल्यावर वही मिटणाऱ्या मुलाला तर हे अवश्य पाहण्यासारखे आहे.

खानदेशाला अभिमान वाटावा असे एक नाव येथे सांगितलेच पाहिजे. चाळीसगाव तालुक्याचे मल्ल विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. या स्पर्धेत गादीवरील विजेता आणि मातीवरील विजेता यांच्यात अखेरची लढत होते. २०१६ साली पुण्यातील वारजे येथे ती पाहण्यास मोठा जनसमुदाय लोटला होता. परंतु चौधरींचे बळ आणि कौशल्य सर्वांत जवळून कोणी पाहिले असेल, तर त्यांच्याशी झुंजून हरलेल्या अभिजित कटके यांनी. पुढच्याच वर्षी, २०१७ साली, भूगाव येथे महाराष्ट्र केसरीची गदा कटके यांच्या खांद्यावर होती.