समुद्राच्या साईतले अणू

पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील अनुप महाजन व त्यांचे सहकारी हिंदी महासागरावरील हवेतील आयोडीनच्या संयुगांचा अभ्यास करीत आले आहेत. ही संयुगे हवेतील ओझोन नष्ट करतात. त्यांचा मोठा वाटा समुद्रातूनच येतो: ओझोन पाण्याच्या पृष्ठभागाला भिडतो, तेथील आयोडाइडशी अभिक्रिया घडते आणि आयोडीन हवेत मिसळते. मग या पाण्याच्या अगदी वरच्या थरात, म्हणजे जणू समुद्राच्या साईत, आयोडाइड किती असते?

जुन्या सिद्धांतानुसार विरघळलेले आयन पृष्ठभागापासून दूर राहतात. आयोडाइडसारखे मोठे आयन मात्र वर येऊ शकतात, असे संगणकीय प्रतिरूपांनी गेल्या काही दशकांत सुचविले. अशा वादाचा निवाडा प्रत्यक्ष मोजणीनेच होतो.

त्यासाठीची एक पद्धत म्हणजे आयन प्रकीर्णन. काही हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे हेलियम आयन द्रवावर सोडले जातात. लहान गोटी जड गोट्यावर आपटली तर जवळजवळ त्याच वेगाने परतते. गोटा हलका असेल तर आपला बराच वेग त्याला देऊन बसते. हेलियमचेही तसेच. थेट उलट परतताना ऑक्सिजनवर आदळलेल्या हेलियमपाशी सुमारे ३६ टक्के ऊर्जा उरते, आयोडीनवर आदळलेल्यापाशी ८८ टक्के. ठरावीक अंतर कापण्यास लागलेला वेळ मोजला की टक्कर कोणाशी झाली ते उमगते. खोलवर जाऊन आलेल्याची ऊर्जा वाटेत आणखी घटते, त्यामुळे अणूची खोलीही नॅनोमीटरच्या अंशापर्यंत कळते. हायड्रोजन मात्र हेलियमहून हलका. तो त्याला माघारी धाडूच शकत नाही, म्हणून या पद्धतीला तो दिसत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. हा प्रयोग निर्वातात चालतो, आणि निर्वातात पाणी उकळू लागते. म्हणून जर्मनीत हाराल्ड मॉर्गनर यांनी व पुढे ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठात गुंथर अँडरसन यांनी मंद गतीने वाफ होणारे द्रव हाताळले. द्रवात अर्धी बुडालेली चकती फिरत राहते आणि दर फेऱ्यात ताजा पातळ थर वर आणते. त्यावर आयनांचा मारा होतो. फॉर्मामाइड या द्रवात विरघळविलेल्या आयोडाइडच्या क्षारांची मोजणी अशीच झाली. अर्थात फॉर्मामाइड म्हणजे खारे पाणी नव्हे. तेथील आकडे अरबी समुद्राला जसेच्या तसे लावता येत नाहीत.