मायफळाचं भोक

भाचीच्या बाळंतपणात बाळगुटीचा डबा माझ्या ताब्यात होता. सहाण धुवायची, अंगावरच्या दुधाचे चार थेंब तिच्यावर घ्यायचे आणि एकेक जिन्नस ठरलेल्या वेढ्यांनी उगाळायचा: वेखंड, हळकुंड, हिरडा, मुरुडशेंग, काकडशिंगी, जायफळ, मायफळ. मायफळ उगाळताना बोटाला दरवेळी एक भोक लागायचं. दाभणानं पाडावं तसं, अगदी गोल. दोरा ओवून टांगता यावं म्हणून दुकानदार ते पाडत असतील, अशी आईची समजूत होती आणि तिच्यामुळे माझीही.

ते भोक आतून पडलेलं असतं.

मायफळ हे फळच नव्हे. तुर्कस्तान, सीरिया, इराण या पट्ट्यात ओकची एक बुटकी जात वाढते. मुंगीएवढी एक माशी त्या झाडाच्या कोवळ्या डोळ्यात अंडं घालते. एरवी त्या डोळ्यातून फांदी फुटली असती. आता तिथं एक टणक गोळा धरतो. अळी त्या गोळ्याच्या पोटात खाते, वाढते, कोषात जाते आणि माशी झाली की जबड्यानं भिंत कोरत बाहेर पडते. आपल्या बोटाला लागतं ते तिचं दार. व्यापाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. माशी आत असतानाच तोडलेला, भोक नसलेला निळसर-हिरवा माल तुरट द्रव्यानं भरलेला, म्हणून त्याला भाव जास्त. माशी उडून गेल्यावरचा फिकट माल हलका. सीरियातल्या अलेप्पोच्या बाजारपेठेतून तो लांबलांब जाई. त्याच्या अर्कात हिराकस घातला की काळी शाई तयार होते. युरोपातले कित्येक शतकांचे दस्तऐवज या शाईनं लिहिलेले आहेत.

काकडशिंगीही तशीच. हिमालयातल्या एका झाडाच्या पानांवर मावा किडीनं घडवलेलं ते पोकळ शिंग. म्हणजे बाळाच्या गुटीत आपण दोन झाडांवरच्या दोन कीटकांची घरं उगाळत आलो आहोत.

अशा घरांना मी गाठ म्हणते, कारण दिसते ती गाठच. सातविणीचं पान हातात घेतलं तर त्यावर पुष्कळदा फोडांसारख्या गाठी असतात. आंब्याच्या पानांवरही असतात. पण या कलेत ओकवरच्या माश्यांइतकं पुढे कुणी गेलेलं नाही. त्यांच्या जगभरात सुमारे १००० जाती माहीत आहेत. कुणाची गाठ लोकरीच्या गोंड्यासारखी, कुणाची काटेरी, कुणाची पानावर चिकटवलेल्या टिकलीसारखी. ऊतक झाडाचं, आराखडा माशीचा. गाठीच्या गाभ्यात अळीसाठी पोषक पेशींचा थर झाडच पुरवतं आणि बाहेरची भिंतही झाडच बांधतं. जाणकार माणूस माशी न पाहता, नुसत्या गाठीवरून घरमालकीण कोण ते बहुतेक वेळा सांगू शकतो.

मात्र दारातून घरमालकीणच बाहेर येईल याची खात्री नसते. गाठ म्हणजे जुन्या वाड्यासारखी असते. मालकीण एक, पण त्यात पोटभाडेकरू शिरतात. त्यांना स्वतःला गाठ घडवता येत नाही, ते दुसरीच्या गाठीत वाढतात. शिवाय मालकिणीला आणि भाडेकरूंनाही खाणाऱ्या परजीवी माश्या असतात. एकाच फांदीवरच्या गाठी बाटलीत ठेवल्या तर त्यातून चार वेगळ्या घराण्यांच्या माश्या निघू शकतात. कोण कुणाला खाऊन बाहेर आलं, ते गाठ उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

अशाच एका शत्रूला २०१७ साली नाव मिळालं.

अमेरिकेच्या आग्नेय भागात, फ्लोरिडापासून टेक्सासपर्यंत, सदाहरित ओक वाढतात. 'बासेटिया पॅलिडा' नावाची फिकट तपकिरी माशी त्यांच्या कोवळ्या फांद्यांत घर करते. तिची गाठ बाहेर गोळ्यासारखी फुगत नाही. सालीखाली, फांदीच्या आतच, एकेका अळीची एकेक बंद कोठडी असते. वाढ पुरी झाली की माशी भोक पाडून बाहेर पडते. पण फ्लोरिडातल्या इनलेट बीच परिसरातल्या फांद्यांवर काही भोकं बुजलेली दिसली. बूच होतं ते माशीचं डोकं. भोक नेहमीपेक्षा लहान पाडून, त्यात डोकं अडकवून, ती दारातच मेलेली होती.

ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातले स्कॉट इगन आणि केली वाइनरस्मिथ यांनी कोठड्या उघडल्या. आत, मेलेल्या माशीच्या शरीरात, दुसरी माशी वाढत होती. ती पोसली जाते मालकिणीच्या देहावर आणि वाढ पुरी झाली की मालकिणीचं डोकं पोखरून त्यातून बाहेर येते. अंगावर निळा-हिरवा धातूसारखा झळाळ, लांबी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. फांदी कोरण्याचं जड काम ती स्वतः करत नाही, ते मरणाऱ्या मालकिणीकडून करून घेते. हा नुसता तर्क राहू नये म्हणून संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. काही बुजलेल्या भोकांवर सालीचा पातळ तुकडा बसवला. तुकडा असलेल्या कोठड्यांत परजीवी माश्या अडकून मरण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट निघालं. डोक्यातून वाट काढणं तिला जमतं, सालीतून फार कठीण जातं.

जीव सापडणं वेगळं आणि त्याचं वर्णन होणं वेगळं. या दुसऱ्या कामाला बातमीत जागा मिळत नाही, म्हणून इथे मुद्दाम थांबते. माशीचं घराणं कळलं, तिची प्रजाती 'युडेरस' हेही कळलं. पण त्या प्रजातीतल्या आधी माहीत असलेल्या जातींपैकी ती कुणी आहे का? त्यासाठी एक किल्ली असते. तिच्यात पायरीपायरीनं दोन-दोन पर्याय दिलेले असतात: पंखावरच्या केसांची रांग अशी की तशी, छातीची पाठ गुळगुळीत की खरबरीत, शृंगिकेचा अमुक खंड लांब की आखूड. एकेक पर्याय निवडत शेवटी नावाशी पोचायचं. उत्तर अमेरिकेतल्या युडेरससाठी योशिमोतो यांनी १९७१ साली अशी किल्ली केली होती. ही माशी घेऊन त्या किल्लीतून चालत गेलं तर ती कुठल्याच नावाशी नीट बसत नव्हती. मग नवं नाव ठरलं आणि १९७१च्या किल्लीत तिच्यासाठी नव्या पायऱ्या घातल्या गेल्या. मला हे काम फार मोलाचं वाटतं. पुढे ज्याला अशी माशी सापडेल, त्याला ती ओळखता यावी यासाठी कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली केस मोजत बसलेलं असतं.

सापडलेल्यांपैकी एक नमुना नावाचा कायमचा साक्षीदार म्हणून निवडावा लागतो. तो संग्रहालयात टाचणीवर राहतो. शंभर वर्षांनी वाद झाला तर त्याच्याशी ताडून पाहायचं. टाचणीला बोटाच्या पेराएवढी चिठ्ठी लावलेली असते: ठिकाण, तारीख, कुठलं झाड, कुणी गोळा केलं. ही चिठ्ठी हरवली तर माशी निव्वळ शोभेची उरते.

नाव ठेवलं 'युडेरस सेट'. सेट हा प्राचीन इजिप्तचा एक देव. त्यानं भावाच्या, ओसायरिसच्या, मापाची सुबक पेटी करवून घेतली, मेजवानीत त्याला तिच्यात झोपायला लावलं आणि झाकण ठोकून टाकलं. कोठडीत अडकवून मारणाऱ्या माशीला हे नाव चपखल बसलं.

नाव मिळालं म्हणजे ओळख पुरी झाली असं मात्र नाही. २०१७मध्ये ही माशी एका घरची शत्रू वाटत होती. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओकवरच्या सुमारे १०० जातींच्या, सुमारे २३,००० गाठी गोळा करून पाहिल्या गेल्या. सेट आणखी किमान ६ जातींच्या माश्यांना तसंच दारात डोकं अडकवायला लावते असं निघालं. या ६ जणी एकमेकींच्या जवळच्या नातलगही नव्हत्या. त्यांच्यात साम्य होतं ते घरांत: भिंतीवर काटे, लव असं संरक्षण नसलेल्या गाठी. नावाआधी हा प्रश्नच विचारता आला नसता. ज्याला ओळख नाही, त्याचा माग २३,००० गाठींतून कोण काढणार?

ओकवरच्या माश्यांची ओळख पटवण्यात आणखी एक अवघड गोष्ट आहे. त्यांच्यात पुष्कळदा एकाआड एक अशा दोन पिढ्या असतात. एका पिढीत नर-मादी दोन्ही. दुसरीत फक्त माद्या, ज्या नराशिवाय अंडी घालतात. दोन्ही पिढ्यांच्या गाठी वेगळ्या, झाडावरची जागा वेगळी, माश्यांचं रूपही वेगळं. त्यामुळे आई आणि मुलगी यांना दोन जाती समजून दोन नावं दिली गेली होती. जर्मनीतल्या श्लेसविगचे डॉक्टर हेरमान आडलर यांनी माद्यांना झाडावर अंडी घालताना पाहून, पुढची पिढी स्वतः वाढवून या जोड्या जुळवल्या. त्यांचं काम १८८१ साली प्रसिद्ध झालं. कित्येक जोडनावं त्यामुळे एक झाली.

आडलरचा धडा आजही तितकाच लागू आहे, हे राइस विद्यापीठाच्याच आवारात दिसलं. २०१८च्या वसंतात, विद्यार्थ्यांच्या 'वॅलहाला' नावाच्या पबाशेजारच्या ओकवर, पेद्रो ब्रान्दाओ-दियास या संशोधक विद्यार्थ्याला मोहोराच्या तुऱ्यांतल्या गाठींतून मिलिमीटरभर माश्या निघताना आढळल्या. पण ओकला तुरे वर्षातून एकदाच, तेही थोडे दिवस. उरलेलं वर्ष ही माशी कुठे असते? तुऱ्यांतून निघालेल्या माद्या फार तर तीन-चार दिवस जगतात. तेवढ्यात त्या कुठे अंडी घालतात ते पकडायचं होतं. उत्तर फांद्यांच्या पेरांत सापडलं. तिथल्या कोठड्यांत दुसरी पिढी सुमारे ११ महिने काढते आणि पुन्हा तुऱ्यांच्या वेळी बाहेर येते. २०२२ साली 'न्यूरोटेरस वॅलहाला' या नावानं वर्णन छापून आलं, तेव्हा सोबत तिचा संपूर्ण जनुकसंचही दिलेला होता. रोज शेकडो माणसं ज्या झाडाखालून जात होती, त्याच झाडावर ही माशी होती.

आपल्या सह्याद्रीत ओक नाही. पण गाठ आणि तिच्यातली परजीवी माशी यांचं नातं विदर्भातल्या भातशेतकऱ्याला रोजच्या व्यवहारातून माहीत आहे. भाताला गादमाशी लागते तेव्हा मधला पोंगा कांद्याच्या पातीसारखी चंदेरी नळी होऊन जातो, त्याला लोंबी येत नाही. ती नळी म्हणजे गाठच. या गादमाशीच्या अळीला खाणारी 'प्लॅटिगॅस्टर ओरायझी' ही बारीकशी परजीवी माशी आहे. म्हणून तिनं अंडी घातलेल्या गाठी गोळा करून शेतात सोडाव्यात असा सल्ला कृषी शास्त्रज्ञ देतात. ही उपयोगाची माशी आणि ती नुकसान करणारी, यांतला फरक कुणीतरी आधी वर्णन करून ठेवला नसता, तर हा सल्ला देताच आला नसता.

यंदा काष्ठौषधींच्या दुकानातून मी भोक नसलेली चार मायफळं मुद्दाम निवडून आणली. एक अडकित्त्यानं फोडलं. मधोमध वाटाण्यापेक्षा लहान, गुळगुळीत कोठडी होती आणि तिच्यात पाय दुमडून बसलेली एक सुकलेली माशी. भिंगाखाली धरली, पण तेवढ्यावरून ती मालकीण की मालकिणीला संपवून तिच्या जागी आलेली दुसरी कुणी, ते मला सांगता आलं नाही. ते सांगायला किल्ली लागते आणि ती चालवणारा डोळा. मी तिला कापसावर ठेवून औषधाच्या रिकाम्या बाटलीत घातलं आणि चिठ्ठी लिहिली. तारीख घातली, झाडाचं नाव घातलं. ठिकाणाची ओळ कोरी राहिली.