नाल्यातला दगड उलटवून पाहा, पाण्याची तब्येत कळेल

यवतमाळ : पाणी नितळ दिसले की नाला चांगला, असे गावात धरून चालतात. पण पऱ्हाटीवर फवारलेले औषध पावसाबरोबर नाल्यात उतरले तरी पाण्याचा रंग बदलेलच असे नाही. फरक पडतो तो तळाशी, दगडाखाली. तिथले किडे मरतात आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

२०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. जे औषध माणसाला बाधते, ते नाल्यातल्या किड्याला कसे सोडेल? ते बनलेलेच किडे मारण्यासाठी असते.

किडेच का पाहायचे?

बाटलीत भरलेला नमुना फक्त त्या घडीचे पाणी दाखवतो. घाण पाणी काल वाहून गेले असेल तर आजचा नमुना चांगलाही येतो. दगडाखालचे किडे मात्र कित्येक आठवडे, काही तर अनेक महिने तिथेच राहतात. म्हणून मागच्या दिवसांत काय झाले, ते त्यांच्यावरून कळते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही नद्यांच्या जैविक तपासणीसाठी हीच पद्धत घेतली आहे. तळाच्या जीवांच्या प्रत्येक कुळाला १ ते १० गुण असतात. सरासरी ७ च्या वर असली तर पाणी स्वच्छ, २ च्या खाली गेली तर अतिप्रदूषित. जीवांचे प्रकार किती, हेही पाहतात.

काय दिसले तर काय समजावे?

- शेपटीला दोन-तीन लांब केस असलेले चपटे किडे, वाळूचे कण चिकटवून नळीसारखे घर करणाऱ्या अळ्या : यांना भरपूर प्राणवायू लागतो. पाणी बहुधा चांगले.
- चतुराची (मुले ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात) पाण्यातली पिल्ले, झिंगे, शिंपले : पाणी बरे आहे.
- फक्त लाल अळ्या, गांडुळासारखे किडे आणि जळवा : सांडपाणी मिसळत असावे. लाल अळीच्या अंगात आपल्या रक्तासारखे हिमोग्लोबिन असते, म्हणून कमी प्राणवायूतही ती तगते.
- गोगलगाई आहेत, पण किडे आणि झिंगे एकाएकी गायब : कीटकनाशकाची शंका घ्यावी. खात्री प्रयोगशाळेतच होते.

कसे पाहायचे?

ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ बरा. पावसाळ्यात पूर किडे वाहून नेतो, उन्हाळ्यात बरेच नाले आटतात. गुडघ्याच्या खाली वाहते पाणी असलेली जागा निवडावी. मच्छरदाणीचा तुकडा दोन काठ्यांना बांधून एकाने धरावा. दुसऱ्याने त्याच्या वरच्या अंगाला पायाने दगड हलवावेत. जाळीतले सगळे पांढऱ्या टबात पाण्यात सोडून दहा मिनिटे शांतपणे पाहावे, प्रकार मोजावेत, मोबाइलवर फोटो काढावा आणि किडे परत सोडावेत. गावाच्या वर आणि गावाच्या खाली अशा दोन जागा पाहिल्या की फरक लगेच कळतो. शेजारी नुकतीच फवारणी झाली असेल तर पाण्यात उतरू नये. नंतर हात साबणाने धुवावेत.

हे पाणी प्यावे का?

किड्यांवरून ते ठरत नाही. रोगजंतू आणि फ्लोराइड त्यातून कळत नाहीत. जिल्ह्यातल्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आहे आणि पाणी उकळून ते जात नाही. पिण्याच्या पाण्यासाठी फील्ड टेस्ट किटची तपासणीच हवी. जलजीवन मिशनमध्ये त्यासाठी गावातल्या पाच महिलांना प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे.

गावाने काय करावे?

फवारणीचा पंप नाल्यात धुऊ नये, रिकाम्या बाटल्या काठावर टाकू नयेत, नाल्याकडेला गवताचा पट्टा राखावा. अडाण, पूस पैनगंगेला मिळतात, बेंबळा वर्धेला. एका गावाने सोडलेले खालच्या गावाला जाते. दरवर्षी त्याच जागेचे फोटो तारीख टाकून जपून ठेवले, तर किडे कमी झाल्याची गोष्ट ग्रामसभेत पुराव्यानिशी मांडता येईल.